एकाच वाटीतला रंग

आमच्या नाटकात दोन बहिणी होत्या, थोरली मत्सरी आणि धाकटी मायाळू. धाकटी स्नेहा करायची, थोरली मनाली. मी छाया, त्यांचे चेहरे रंगवणारी. नाशिकमध्ये अकरा वर्षं या नाटकाचे प्रयोग केले आणि माझा नियम कधी मोडला नाही, दोघींना एकाच वाटीतला रंग. एका आईच्या पोरी म्हटल्यावर दोन रंग कशाला? कोण कशी, ते चालण्याबोलण्यातून कळायचं.

मग नाटकाचा सिनेमा निघाला आणि दिग्दर्शकाने भूमिकाच बदलल्या. गोरी मनाली मायाळू झाली, सावळी स्नेहा मत्सरी.

शूटिंगच्या पहिल्या सकाळी सायखेड्याच्या घाटावर इतकं धुकं होतं, की नदी नुसती ऐकू येत होती.

"छायाताई, मनालीला उजळ करा आणि स्नेहाला अजून काळी," दिग्दर्शक म्हणाला. "बघताक्षणी फरक कळला पाहिजे."

माझं डोकंच फिरलं. "का? लोकांना काय कान नाहीत?"

स्नेहाने माझा हात धरला. "मावशी, कर ना गं. पहिलाच सिनेमा आहे माझा. नाही म्हटलं तर दुसरी आणतील."

मी दुसरी वाटी काढली. स्नेहाने डोळे मिटले. माझ्या बोटांखाली तिचा चेहरा हळूहळू पाण्यात उतरल्यासारखा दिसेनासा होत गेला. मला वाटलं, ही झोपली आहे आणि उठेल ती दुसरीच कुणी असेल.

सिनेमा लागला तेव्हा स्नेहाची आई, सिंधुबाई, माझ्या शेजारी बसली होती. थिएटरात गारवा होता. पडद्यावर तेच धुकं पसरलं आणि त्यातून स्नेहाचा चेहरा पडदाभर झाला. सिंधुबाई माझ्या कानाशी वाकली.

"छायाबाई, आमची स्नेहा कधी येती?"

"हीच की."

तिने मान पुढे काढून पडद्याकडे पाहिलं. "अगं बाई! मला वाटलं, कोनतरी वाईट बाई हाय."

मला रडू आलं. त्या दिग्दर्शकाला मी घरी जाईपर्यंत शिव्या दिल्या.

पुढच्या रविवारी पुन्हा नाटकाचा प्रयोग होता. स्नेहा पुन्हा धाकटी, मनाली पुन्हा थोरली. मी नेहमीची वाटी घेतली, नेहमीचा रंग कालवला आणि बोट स्नेहाच्या गालावर टेकवलं. गालावर पांढुरका ठिपका उठला. माझ्या तोंडात मारल्यासारखं झालं. एकाच वाटीतला म्हणून मी मिरवायचे, तो रंग अकरा वर्षं मनालीच्या कातडीचा होता.

"काय झालं मावशी?" स्नेहाने विचारलं.

मी ठिपका पुसला. वाटी धुतली. स्नेहाच्या गालाशी बोट धरून, बघत बघत नवा रंग कालवला. तिला तो लावला तेव्हा ती फक्त तिच्यासारखीच दिसली.

मग मी वाटी घेऊन मनालीकडे वळले.

"चल, बस पुढे. एका आईच्या पोरी ना तुम्ही?"