परसूं तर येऊन गेला

हिम्मत पाठमोरा बसायचा. टायपिंग इन्स्टिट्यूटची बारा मशीनं, बारा पोरं-पोरी, चोवीस हात धडाधड चाललेले, आणि हा बाबा खिडकीकडे तोंड करून हैदराबादेतल्या चिक्कडपल्लीच्या रस्त्यावरची वर्दळ बघत बसलेला. मध्येच पेन्सिल टेबलावर टक्‌ करून म्हणायचा, "पाच नंबर, करंगळी आळस करतेय." पाच नंबरची पोरगी कागद बघायची, तर खरंच ए पुसट उमटलेला. वळून बघणं नाही, उठणं नाही. नव्या पोरांची तर पाचावर धारण बसायची.

त्याचे बालमित्र तातेराव, त्यांना या गोष्टीचं तीस वर्षं नवल वाटत आलं होतं. नवल कसलं, भीतीच म्हणा ना. सगळी मशीनं एकदम चालली की तातेरावांना स्वतःचा खोकला ऐकू येत नसे, आणि हिम्मत त्यातून एका पोरीची करंगळी वेगळी काढायचा. "तुझ्या कानाला काय देव बसलाय का रे?" असं तातेराव विचारायचे. देवाबिवावर त्यांचा विश्वास नव्हता, पण त्या कानांपुढे ते हात टेकायचे.

आणि आता हिम्मत गेला होता. पंचाण्णवचा ऑगस्ट, सोमवारी पहाटे झोपेतच. शनिवारी संध्याकाळी इन्स्टिट्यूटमध्ये शोकसभा होती आणि तातेराव विद्यानगरच्या घरात खुर्चीला खिळून बसले होते.

"जाणार नाही की काय?" बायकोने, मनकर्णाबाईंनी विचारलं.

"कोणत्या तोंडाने जाऊ?"

"आहे त्याच तोंडाने जा. दुसरं कुठून आणणार? जे बोलायचं ते त्याच तोंडाने बोलून बसलात ना?"

तातेरावांनी दीड वर्षापूर्वी हिम्मतला एक वाक्य बोललेलं होतं. ते वाक्य हिम्मत मनात घेऊन गेला का, एवढंच त्यांना कळायला हवं होतं. बाकी शोकसभा, हार, फोटो, सगळं गेलं खड्ड्यात. पण हे विचारायचं कुणाला? ज्याला विचारायचं तोच गेला.

दोघेही देगलूरचे. शाळेत तातेरावांना दाराशी वेगळं बसवायचे. तिसरीत एक दिवस हिम्मतने आपलं पोतं उचललं आणि दाराशी येऊन त्यांना खेटून बसला. मास्तरांनी झोडला, घरी बापाने झोडला. पठ्ठ्याने माराला भीक घातली नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. बासष्ट साली दोघं एकाच पत्र्याच्या पेटीत कपडे घालून अफझलगंजला एसटीतून उतरले. हिम्मत टायपिंग शिकला, त्याने स्वतःची इन्स्टिट्यूट काढली आणि मग तातेरावांना शिकवलं, सात नंबरच्या मशीनवर. त्या दहा बोटांवर तातेराव विद्यापीठाच्या ऑफिसात लागले. त्यांच्या घराण्यातला पहिला पगार त्या सात नंबरने दिला, असं ते लोकांना सांगत. त्यानंतर दर शनिवारी संध्याकाळी जायचं, सात नंबरवर एक पान टाइप करायचं, मग समोरासमोर बसून चहा घ्यायचा, हा नेम कधी चुकला नाही.

हिम्मतचं चिक्कडपल्लीत एखाद्या गावातल्या मास्तरासारखं होतं. चौकात उभा राहिला तर चार बाजूंनी नमस्कार येत. तेलुगू त्याच्याशी तेलुगूत बोलत, मुसलमान दखनीत, आणि तो सगळ्यांना सगळ्यात उत्तर द्यायचा. त्याची मराठीही अर्धी हैदराबादी झाली होती. पुण्याहून आलेला सुधीर नावाचा एक इंजिनिअर त्याच्याकडे बोटं बसवायला यायचा. त्याला हिम्मत एकदा म्हणाला, "तुझं सर्टिफिकेट परसूं आलंय, घेऊन जा." सुधीर हिशेब करत बसला, परवा तर रविवार होता, रविवारी टपाल कसं येईल? सर्टिफिकेट येऊन चार महिने झाले होते. इथे परसूं म्हणजे मागचा कुठलाही दिवस, काल नसला की झालं. हिम्मतचं तर सगळं आयुष्यच परसूं घडलेलं होतं. देगलूर परसूं सोडलं, लग्न परसूं झालं, लेक अनुराधा परसूं निजामाबादला नांदायला गेली आणि बायकोही परसूंच वारली.

मग कॉम्प्युटर आले. गल्लोगल्ली क्लास, काचेची दारं, आत थंड हवा. हिम्मतच्या बारा मशीनांपैकी सहा रिकामी राहू लागली, मग आठ. तातेरावांचा मुलगा प्रबुद्ध नुकताच कॉम्प्युटर शिकला होता. "काकांना म्हणावं, चार कॉम्प्युटर टाका, मी येऊन बसवून देतो," तो म्हणायचा. तातेरावांनी सांगून पाहिलं, एकदा नाही, दहादा. हिम्मत त्यांच्या तोंडाकडे टक लावून सगळं ऐकायचा, हसायचा आणि म्हणायचा, "बघू की."

चौऱ्याण्णवच्या जानेवारीतल्या शनिवारी तातेराव गेले तेव्हा एकही विद्यार्थी नव्हता. हिम्मत खिडकीपाशी पाठमोरा उभा राहून तीन नंबरच्या मशीनला तेल देत होता. चिंधीने एकेक दांडी पुसून लखलखीत करत होता. कुणासाठी? तातेरावांचं डोकंच फिरलं. समोर जाऊन बोलायचं धाडस नव्हतं, म्हणून दारातूनच म्हणाले, "हे दुकान मेलंय, हिम्मत. तू रोज मढ्याला तेल लावत बसलायस."

हिम्मत वळला नाही. त्याचा हात थांबलाही नाही. चिंधी तशीच चालत राहिली.

ज्याने आपल्याला बोटं दिली त्याच्या भाकरीला आपण मढं म्हणालो! आणि तो इतका दुखावला की वळून तोंडसुद्धा बघेना. तातेराव आल्या पावली परत फिरले. पुढच्या शनिवारी पाऊल उचलेना, त्याच्या पुढच्याही नाही.

त्याच उन्हाळ्यात, सहा वर्षं नंबर लावून, त्यांच्याकडे एकदाचा फोन आला. पहिला फोन त्यांनी हिम्मतला लावला.

"हिम्मत, मी तात्या बोलतोय."

"सकाळी सहा ते संध्याकाळी आठ. रविवारी बंद," हिम्मत म्हणाला आणि फोन ठेवून दिला.

तातेरावांनी पुन्हा लावला. "अरे, तात्या रे! माफ कर मला."

"सकाळी सहा ते संध्याकाळी आठ. रविवारी बंद."

तिसऱ्यांदाही तेच. आपल्या तात्याला त्याने गिऱ्हाईक करून टाकलं होतं. तातेरावांच्या ते जिव्हारी लागलं. बरोबरच आहे, आपल्याला हेच पाहिजे, असं म्हणून त्यांनी फोनवर रुमाल टाकला. आणि बघता बघता त्या शनिवारला दीड वर्ष झालं.

"उठा," मनकर्णाबाई म्हणाल्या. "नाही गेलात तर मी जाते आणि तुमचं नाव सांगून येते."

तातेराव उठले. सभा सहाला होती, ते चारलाच पोचले. इन्स्टिट्यूटमध्ये अनुराधा एकटीच मशीनांवरची धूळ झटकत होती. त्यांना बघून ती धावत आली आणि वाकून पाया पडली.

"तात्याकाका! तुमच्याकडे फोन आल्याचं मला माहीतच नव्हतं हो. निरोप पाठवायला माणूस गाठेपर्यंत सगळं आटपलं होतं."

तातेरावांना राहवलं नाही. खाली बसायच्या आधीच त्यांनी सगळं ओकून टाकलं. दारातून बोललेलं वाक्य, न वळलेली पाठ, तीन फोन. "पोरी, खरं सांग, तो कधी काही बोलला का? माझं नाव काढून शिव्या दिल्या असतील तरी चालेल. पण सांग."

आधी अनुराधाला हसू आलं, मग हसता हसता तिचे डोळे भरले.

"काका, बाबांना ऐकूच येत नव्हतं."

"म्हणजे?"

"म्हणजे अजिबात नाही. शहाऐंशीला तो ताप आला होता ना, त्यात दोन्ही कान गेले. आईला आणि मला तेवढं ठाऊक. बहिऱ्याकडे टायपिंग शिकायला कोण येईल, म्हणून त्यांनी शपथ घातली होती. फोनची घंटी टेबल थरथरलं की कळायची. पलीकडून कोण बोलतंय ते कळायला मार्ग नव्हता, म्हणून सगळ्यांना वेळ सांगून ठेवून द्यायचे. मी निजामाबादहून केला तरी मला तेच. सकाळी सहा ते संध्याकाळी आठ!"

तातेरावांनी बारा मशीनांकडे पाहिलं.

"अगं पण मशीनं? करंगळी? परवा-परवापर्यंत तो चुका पकडत होता!"

अनुराधाने टेबलावर हात ठेवला. बारा मशीनांखालचं ते एकच लांब, सागवानी टेबल. मग खिडकीकडे तोंड केलेल्या हिम्मतच्या खुर्चीकडे बोट केलं. आणि तातेरावांना दिसलं. पाठमोरा हिम्मत, डावा हात मागे आणि पंजा टेबलावर सपाट टेकलेला. पूर्वी हिम्मत मांडीवर पेपर घेऊन बसायचा, दोन्ही हात पेपरवर. तो हात टेबलावर केव्हा आला? पायातल्या चपला केव्हा निघाल्या? बोलताना तो तोंडाकडे टक लावून बघायचा, तातेरावांना वाटायचं वयाने माया वाढलीय. तो ओठ वाचत होता!

नऊ वर्षं. नऊ वर्षं या माणसाने तळहाताने ऐकलं. कुठलं मशीन, कुठलं बोट, कुठली करंगळी, सगळं लाकडातून. चारशे पोरं पास केली आणि एकालाही पत्ता लागू दिला नाही. समोर बसून चहा पिणाऱ्या तात्यालाही नाही. कान होते तेव्हा तातेराव त्या कानांना घाबरायचे. कान नव्हते हे कळल्यावर काय करायचं ते त्यांना सुचेना.

"मग मी येत नाही, याचं त्याला काय वाटलं?" त्यांनी कसंबसं विचारलं. "दीड वर्ष गं."

"मी दर वेळी आले की विचारायचे, तात्याकाका दिसत नाहीत? बाबा म्हणायचे, अगं, परसूं तर येऊन गेला." अनुराधाने पदराने डोळे पुसले. "आणि शनिवारी संध्याकाळी सात नंबरवर कुणाला बसू द्यायचे नाहीत. म्हणायचे, तात्या येईल."

तातेराव रडले. साठीला आलेला माणूस, ओक्साबोक्शी रडला. हिम्मतने ते वाक्य नेलं नव्हतं. त्याच्यापर्यंत ते पोचलंच नव्हतं. दीड वर्ष ते उचलून फिरत होते एकटे तातेराव, आणि तिकडे सात नंबर रिकामं राहत होतं. याचं समाधान मानायचं की कपाळ बडवायचं?

सहाला माणसं येऊ लागली आणि येतच राहिली. बँकेतले, रेल्वेतले, कोर्टातले, एक तर कलेक्टर ऑफिसातली मोठी अधिकारी. जिना भरला, फुटपाथ भरला. इतकी माणसं हिम्मतची, हे तातेरावांनाही ठाऊक नव्हतं. कुणीतरी म्हणालं, आता दोन मिनिटं शांतता पाळू या.

"शांतता नको," अनुराधा म्हणाली. "शांतता बाबांकडे भरपूर होती." आणि मग तिने सगळ्यांना सांगून टाकलं. कलेक्टर ऑफिसातली बाई आपल्याच करंगळीकडे बघत राहिली. ती कधीकाळी पाच नंबर होती.

बारा जुने विद्यार्थी मशीनांवर बसले. अनुराधाने तातेरावांना हिम्मतच्या खुर्चीत बसवलं. तातेरावांनी चपला काढल्या, खिडकीकडे तोंड केलं, उजव्या हाताने एक कान दाबला, दुसरा खांद्याला लावला आणि डावा पंजा मागे नेऊन टेबलावर टेकवला.

मशीनं सुरू झाली. लाकडातून थरथर आली, मनगटात शिरली, कोपरापर्यंत चढली. तातेरावांनी डोळे मिटून खूप शोधलं. पाच नंबर कुठला, सात कुठला, करंगळी कुठली? काही, काही कळेना. नुसती एक मोठी थरथर, आणि यातून तो एक बोट वेगळं काढायचा! हिम्मत, लेका, तू होतास तरी कोण? त्यांनी हात काढला नाही. दोन मिनिटं झाली, पाच झाली, मशीनं थांबली, तरी पंजा तिथेच होता.

मंडळी पांगू लागली. पुण्याचा सुधीर मागे रेंगाळला होता. तो जवळ येऊन वाकला आणि हळूच म्हणाला, "काका, तुमची त्यांची शेवटची भेट कधी झाली?"

तातेरावांनी त्याच्याकडे पाहिलं.

"परसूं," ते म्हणाले. "परसूं तर येऊन गेलो."

सुधीरने या वेळी हिशेब केला नाही.