हद्दीवरच्या ओट्या

धुळ्याच्या गिरणीमागे यशोदाबाईंची खानावळ होती, आणि १९५१ च्या उन्हाळ्यात ती बंद पडायच्या बेतात होती. खानावळ चालायची ती कळण्याच्या भाकरीवर, ज्वारी-उडीद एकत्र दळून केलेल्या. उडीद मिळत होता, ज्वारी मिळत नव्हती. रेशनच्या दुकानात अमेरिकेहून आलेलं मिलो नावाचं तांबडं भरड धान्य मिळे. त्याची भाकरी थापताना चिरायची आणि तव्यावर फुटायची. गिरणीतले जेवणारे एकेक करून दुसरीकडे जाऊ लागले होते.

ज्वारी नव्हती असं नाही. अमळनेरच्या बाजूला, यशोदाबाईंच्या माहेरी, त्यांचा भाऊ निंबा याचं जमिनीखालचं पेव ज्वारीने भरलेलं होतं. पण मध्ये पूर्व आणि पश्चिम खानदेशची हद्द होती, हद्दीवर सरकारी नाका होता, आणि नाक्यावर मी होतो.

रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो आणि दुसरं काही मिळेना म्हणून पुरवठा खात्यात हंगामी निरीक्षक झालो. परवान्याशिवाय धान्य हद्दीपार जाऊ द्यायचं नाही, एवढंच काम. रिकामपणी मी येणाऱ्या-जाणाऱ्यांना दोन्हीकडचे भाव विचारत असे. अलीकडे, अमळनेरच्या बाजूला, ज्वारीला सरकारी भावाखेरीज गिऱ्हाईक नव्हतं. पलीकडे तीच ज्वारी चोरून दुपटीच्या वर जात होती. यात मला कोणाची लबाडी दिसेना. एका टाकीत पाणी वर, शेजारच्या टाकीत खाली, आणि मधली तोटी आपणच दाबून धरलेली. मग पाणी जिथून तिथून झिरपतं म्हणून पाण्यावर रागवायचं कसं?

हे मी एकदा आमच्या वरिष्ठांना, पितांबररावांना, बोललो होतो. युद्धाच्या काळात ते लष्करी कारकुनीवर कलकत्त्याला होते.

"तोटी सोडली की पाणी उपाशी माणसाकडे जाईल, असं तुला कोणी सांगितलं?" ते म्हणाले. "पैसा असेल तिकडे जाईल. मी फुटपाथवर माणसं मरताना पाहिली आहेत."

बंगालच्या त्या दुष्काळातही प्रांतांनी आपापल्या हद्दी बंद केल्या होत्या, असं मी वाचलं होतं. पण त्यांनी पाहिलं होतं आणि मी नुसतं वाचलं होतं. माणूस सरळ होता. त्यांच्या स्वतःच्या घरी मिलोच शिजत असे.

यशोदाबाईंनी परवान्यासाठी अर्ज केला होता. खानावळ हा धंदा आहे, घरगुती गरज नव्हे, असं उत्तर आलं. त्या मलाही येऊन भेटल्या. मी नियम सांगितला. तो नीट ऐकून घेऊन त्या निघून गेल्या.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, आली. आखाजीला खानदेशातल्या सासुरवाशिणी माहेरी जातात, झोके घेतात, गाणी म्हणतात, आणि परतताना भावजया त्यांची ओटी भरतात. घरी जे पिकतं ते ओटीत पडतं. सण उरकल्यावर एका सकाळी निंबाच्या गावातून धुळ्याकडे दिलेल्या लेकींचा घोळका नाक्यावर आला. बरोबर यशोदाबाईही होत्या.

आमचा शिपाई तोताराम उठून उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "साहेब, यंदा बठ्ठ्या पोरी गरवार दिसी ऱ्हायन्यात."

खरंच, दिवस गेल्यासारखा प्रत्येकीच्या लुगड्याचा ओचा भरून पुढे आला होता. मी त्याला म्हटलं, तपास कर. तो म्हणाला, ओटीला हात लावायचा तर तुम्हीच लावा, मला बायको-पोरांत राहायचं आहे. मीही हात लावला नाही. मापाने ओटी केवढी असावी हे कुठल्याच परिपत्रकात नव्हतं.

ज्यांना ज्वारीची गरज होती त्या यशोदाबाईंना मात्र आम्ही थांबवलं. त्या विधवा, त्यांची ओटी कोण भरणार? गाठोड्यात एक लुगडं आणि चार कैऱ्या निघाल्या. त्यांनी गाठोडं शांतपणे पुन्हा बांधलं आणि हद्द ओलांडली.

पलीकडे लिंबाखाली एक बैलगाडी उभी होती. त्यांनी तिच्यातलं रिकामं पोतं काढून तोंड उघडं धरलं, आणि बायका रांगेने त्यात ओट्या रित्या करू लागल्या. प्रत्येकीने थोडी ज्वारी मागे ठेवली, ती वाहून आणल्याची मजुरी. एकीने जरा जास्तच ठेवली, त्यावरून दोघींची घासाघीस झाली.

तेवढ्यात धुळ्याकडून पितांबररावांची जीप आली, तसे मी आणि तोताराम तिकडे धावलो. उतरल्या उतरल्या त्यांनी काय चाललंय ते ओळखलं. जप्ती करायची तर आता ओट्यांचा अडसर नव्हता, धान्य सगळं एका पोत्यात होतं. यशोदाबाई पोत्यासमोरून हलल्या नाहीत.

पितांबररावांनी विचारलं, काय भावाने घेतली? बाईंनी सांगितला. सरकार निंबाला देत होतं त्याहून बराच जास्त, आणि धुळ्यात चोरून मिळे त्याहून बराच कमी.

"मना भाऊले परवडनं, माले परवडनं," त्या म्हणाल्या. "पेवमा पडेल दाना कोना पोटमा जास, साहेब?"

पितांबररावांनी पोत्यातून मूठभर ज्वारी घेतली आणि तळहातावर पसरून बराच वेळ पाहिली. पांढरीशुभ्र, टपोरी होती. मग मूठ पुन्हा पोत्यात सोडून ते माझ्याकडे वळले.

"उद्या वर लिहायला हवं. नाक्यावर झडतीसाठी एक बाई नेमा म्हणून."

"त्या बाईलाही माहेर असेल, साहेब," मी म्हणालो.

ते बैलगाडीकडे वळले. मग गाडीवानाला म्हणाले, बैल जुंप, ऊन वाढतंय. यशोदाबाईंनी पोत्याचं तोंड आवळलं, तोतारामने न सांगता ते वर टाकायला हात दिला, आणि गाडी धुळ्याकडे निघाली. त्या दिवसापासून गिरणीमागे पुन्हा कळण्याची भाकरी मिळू लागली.

बाई नेमण्याचा अर्ज मात्र पितांबररावांनी माझ्याकडून लिहून घेतलाच. नेमणुकीचं कारण काय लिहू, असं मी विचारलं.

"लिही," ते म्हणाले, "ज्वारीला वाट सापडते."