आवाज चिरका, दोष कोणाचा?

मित्रांनो, मी सोमेश्वरच्या काळ्या-पिवळ्या जीपमधला, गाणी वाजवणारा एक जुना डेक आहे. परळीच्या एका दुकानात, काचेच्या कपाटात मी आठ महिने ऐटीत बसलो होतो. मग सोमेश्वरने मला जीपमध्ये बसवलं आणि माझं खरं आयुष्य सुरू झालं. परळी ते वडवणी, वडवणी ते परळी, रोज तीन खेपा. खड्ड्यात पेन ड्राइव्ह निसटायचा, पण मी दहा वर्षांत एकदाही रुसलो नाही. स्वतःचं कौतुक करू नये म्हणतात, पण खरं ते सांगायला काय हरकत आहे?

गेल्या महिन्यात सोमेश्वरने मोठ्या हौसेने नवे स्पीकर आणले. सोबत आवाजाला जोर देणारा अॅम्प्लिफायरही आणला. मला वाटलं, आता आपली चंगळ. पण पहिलंच भजन लागलं आणि टाळ असे वाजले, जणू कोणी पत्र्यावर खिळा ओढतंय. मागे बसलेल्या मंजुळाबाईंनी कानावर पदर घेतला.

"बंद कर बाबा ते. दात आंबायला लागले माझे."

मी चक्रावलो. मी तर रोजच्यासारखाच वाजत होतो. त्यात पुढच्या सीटवरच्या साखराबाई खुशीत मान डोलवत होत्या. त्या सोमेश्वरच्या मावशी. त्यांना कमी ऐकू येतं.

"ऱ्हाऊ दे की रे," त्या म्हणाल्या. "लई दिसांनी टाळ ऐकू आले."

आता तुम्हीच सांगा, मी बिघडलो होतो की सुधारलो होतो?

आठवडाभरात प्रवासी दुसऱ्या जीपमध्ये बसू लागले. सोमेश्वर घाबरला आणि परळीच्या शिवशंकर फिटरकडे गेला. शिवशंकरने वायरी तपासल्या, स्पीकर बदलून पाहिले, अॅम्प्लिफायरचा जोर कमी केला. आवाज लहान झाला, पण चिरका तो चिरकाच.

"मग डेकच गेलाय तुझा," तो म्हणाला. "दे भंगारात."

भंगारात? मला? आपली चूक काय, तेवढं तरी कोणी सांगावं.

मला बाहेर काढायचं तर आधी माझी गोल बटणं ओढून काढावी लागतात. शिवशंकरने एक धरलं आणि तो थांबला.

"हे ट्रेबल पार टोकाला कशापायी नेलंय बे? बारीक आवाज सगळा फुल हाय."

सोमेश्वरने डोकं खाजवलं. "मावशीला शब्द कळंनात म्हणून फिरवलं होतं. तीन वर्षं झाली. पार विसरून गेलतो."

"जुने स्पीकर दमलेले होते, त्यांच्यात खपून गेलं. नवे सगळं उघडं पाडतेत."

त्याने बटण मधोमध आणलं. टाळ गोड वाजले. मी वाचलो. दुसऱ्या दिवशी मंजुळाबाई परत आल्या आणि वडवणीपर्यंत गुणगुणत राहिल्या.

साखराबाईंनी मात्र विचारलं, "गाणं बंद केलंस व्हय?"

सोमेश्वरने गाडी पुढे काढली. वडवणीत मावशी सोडून सगळे उतरले. मावशींची वस्ती तिथून पुढे दोन किलोमीटर. त्याने काचा वर केल्या आणि माझं तेच बटण टोकापर्यंत फिरवलं. मावशी मान डोलवू लागल्या. सोमेश्वरने दात आवळले होते, तरी गाडी सावकाशच चालवत होता.

मित्रांनो, बिघाड नेमकं कशाला म्हणायचं, हे मला अजूनही उमगलेलं नाही. पण एवढी विनंती आहे. जुन्या वस्तूला भंगारात टाकण्याआधी, तिला तसं कोणी आणि कोणासाठी करून ठेवलं होतं, ते एकदा आठवून पाहा.