पालथा पेपर

देवकीच्या आणि माझ्या घराच्या मधात एक भिंत आहे, छातीएवढी. दोन घरांत पेपर एकच. दोन घेतले तर भांडायचं कशावर? आधी ती वाचणार, मग मी. मग दोघी चहाचे कप घेऊन आपापल्या बाजूनं भिंतीशी उभ्या, आणि सुरू.

भांडण झालं की पेपर भिंतीवरच ठेवायचा. पहिलं पान वर, म्हणजे मान्य, विषय संपला. पेपर पालथा करून वर दगड ठेवला, म्हणजे मान्य नाही, केस उभी आहे. आणि जिनं पालथा केला तिनं दुसऱ्या दिवशी आधी बोलायचं. हा नियम कोणी केला, ते आठवत नाही. बहुतेक मीच केला असन, कारण कोर्टात स्टेनो होती मी, मले तारखेशिवाय करमत नाही. पहिलं पान वर असलेला पेपर त्या भिंतीवर मी फारसा पाह्यलाच नाही. आम्ही दोघी ऐकणाऱ्यातल्या नाही.

माझं नाव वंदना मेश्राम. लग्न केलं नाही. कोणी विचारलं नाही असं नाही, मलेच कोणी पटलं नाही. देवकी बोंदरे पाटबंधारे खात्यात ट्रेसर होती. साहेबांनी नकाशा काढला की त्याच्यावर पारदर्शक कागद ठेवून शाईनं नक्कल करायची, हे तिचं काम. नवरा गेला, पोरगा केयूर हैदराबादले कंप्युटरच्या कंपनीत. ती पारशिवनीकडची शेतकऱ्याची पोरगी, मी शहरातल्या महाल भागातली. तिले वाटे, जगातलं सगळं ड्रॉइंगमधी असते. मले वाटते, कायद्यात. माझा बाप छप्पन सालच्या धम्मदीक्षेच्या गर्दीत आजाच्या बाजूले उभा होता. आमच्या घरी कायद्याले कोणी नुसतं पुस्तक म्हणत नाही. आता सांगा, आमचं जमन कसं?

कायद्याचे नंबर बदलले, त्या दिवशी मी तरतरून भिंतीशी गेली. ‘जिंदगीभर लबाडाले चारशे वीस म्हटलं वं! आता म्हणे तीनशे अठरा. तीनशे अठरा म्हटलं तर कोणाले लागन तरी का?’

‘नंबर बदलला, लबाड थोडी बदलला,’ देवकी म्हणाली. ‘आमच्याकडं फुटाचे मीटर झाले. धरण पडलं का?’

साक्षीदार बोलन तसं मशीन आपोआप लिहून काढन, अशी बातमी आली, तेव्हा तर मी पोहे तसेच ठेवून गेली. म्हटलं, ‘साक्षीदार मधातच चूप झाला तर मशीन काय लिहिन? मी कंसात लिहायची, साक्षीदार गप्प. कधी कधी सगळी साक्ष तेवढीच असते.’

‘चुका तरी कमी होतीन. तुह्या टायपिंगनं कितीक निर्दोष आत गेले असतीन,’ ती म्हणाली, पेपर पालथा केला, दगड ठेवला, आणि चालली गेली पदर झटकत. मी दिवसभर जळली. पण सांगते, असं जळायले कोणीतरी लागते माणसाले.

सगळ्यात मोठी केस म्हणजे बिना ड्रायव्हरच्या गाडीची. कुठंतरी परदेशात तशा गाडीनं एका माणसाले उडवलं होतं.

‘आरोपी कोण?’ मी विचारलं. ‘पिंजऱ्यात कोणाले उभं करशीन? गाडीले?’

‘कोणालेच नाही. काही गोष्टी बिघडतात वं वंदना. नकाशा बरोबर, माल बरोबर, तरी बिघडते. दरवेळी गुन्हेगार नसतो.’

‘असतोच. मेलेल्याच्या बायकोले काय सांगशीन? तुह्या नवऱ्याले कोणीच मारलं नाही?’

‘हाव. तेच सांगीन.’

ती हे असंच बोलत नव्हती. तिचा नवरा जेवता जेवता बसल्या जागी गेला, डॉक्टरले बी धड कारण सांगता आलं नाही. मले माहीत होतं. पण म्हणून मी हार मानायची का? आठवडाभर रोज पेपर पालथा. एक दिवस ती करे, एक दिवस मी.

मग त्या सकाळी मी हुकमी पत्ता काढला. ‘बरं, आण तुही गाडी आपल्या रिंग रोडवर. मधात गाय बसून आहे, उलटीकडून ऑटो येऊन राहिला, बाजूले वरात नाचून राहिली. सांग, काय करन तुही गाडी?’

देवकीनं तोंड उघडलं. ‘ते...’ म्हणाली आणि थांबली. पुन्हा म्हणाली, ‘ते...’

‘काहून? झाली बोलती बंद?’ मी हसली. खरं सांगते, मनातल्या मनात टाळी वाजवली. आज पहिलं पान वर राहते, असं वाटलं मले.

मग तिच्या हातातला कप कलला. चहा पेपरवर सांडून राहिला होता आणि ती सांडू देऊन राहिली होती. ओठाचा एक कोपरा खाली आला होता. मी साडी खोचली आणि भिंत चढली. या वयात कशी चढली, ते विचारू नका.

दवाखान्यात बाकावर बसून मी आरोपी शोधून राहिली होती. बीपीची गोळी घ्यायले टाळाटाळ करणारी देवकी? का मी? शेवटी डॉक्टरले विचारलंच. तो म्हणाला, ‘नाही ताई, भांडणानं असं होत नसते. पण आता काही दिवस त्यांना त्रास होईन असं काही नको.’ यातलं पहिलं वाक्य मी ऐकलं. दुसरं केयूरनं ऐकलं. तो रातोरात गाडी चालवत आला होता, डोळे लाल, दाढी वाढलेली.

‘वंदनामावशी, माझा तुमच्यावर राग नाही,’ तो म्हणाला. ‘पण आता तिच्याशी वाद नको. ती जे मानते, त्याला हो म्हणा. प्लीज.’

‘हो म्हणू? मी?’

‘तिच्यासाठी.’

देवकीले घरी आणलं. उजवी बाजू गेली होती, वाचाही गेली होती. समजत सगळं होतं. केयूर इथंच बसून लॅपटॉपवर काम करे, आणि सोनिका नावाची बाई दिवसभर देवकीचं पाही. बाई चांगली होती. केयूरनं मले बसवून सांगितलं, ‘महिना-दीड महिना बघू, मावशी. थोडं बोलायला लागली, इथे मन लागतंय असं दिसलं, तर सोनिकाताईंना पूर्णवेळ ठेवू आणि तिला इथेच राहू देऊ. नाहीतर मला तिला हैदराबादला न्यावं लागेल. मी किती दिवस इथे राहणार?’

त्याचंही खरं होतं. म्हणजे सगळं एवढ्यावर येऊन ठेपलं की देवकी बोलली पाहिजे. ती गेली तर मी कोणासंग बोलू? माझ्या घरात माझ्याशिवाय आवाज करणारं कोणी आहे तर ते कुकर.

मी रोज पेपर घेऊन तिच्या पलंगाशी बसू लागली. वाचायची आणि हो म्हणायची. विजेचे नवे मीटर जास्त पळतात म्हणून लोक बोंबलून राहिले होते. देवकीचं आधीपासून एकच, मशीन खोटं बोलत नसते. मी वाचलं आणि म्हटलं, ‘तुझंच खरं देवकी, मीटर कायले खोटं बोलन?’ म्हणताना जीभ चावली. माझ्या स्वतःच्या मीटरनं माझं डोस्कं खाल्लं होतं! कुठं पूल खचला. म्हटलं, ‘बरोबर आहे तुझं, ड्रॉइंग पाह्यल्याशिवाय कोणाले नाव ठेवू नये.’ कंप्युटर आता रोग ओळखन म्हणे. म्हटलं, ‘ओळखू दे नं बाई, चांगलंच आहे.’

पहिले काही दिवस देवकी माझ्याकडं डोळे मोठे करून पाही. मी खोटं बोलून राहिली की आजारी पडली, असं काहीतरी तिच्या डोळ्यांत असे. मग ती माझ्याकडं पाहीनाशी झाली. छताकडं पाही, पंख्याकडं पाही. डावा हात तेवढा चादरीवर चाले. तळवा उताणा, मग पालथा, मग उताणा, मग पालथा. पालथा करून दाबून धरे.

‘व्यायाम करतेय,’ केयूर म्हणे. ‘छान, आई.’

मीही म्हणायची, छान. मले अक्कल असती तर!

ठरलेले दिवस संपत आले तरी देवकीच्या तोंडातून एक अक्षर निघालं नाही. व्यायाम शिकवायले येणारी पोरगी म्हणाली, आजींनी प्रयत्नच सोडला. तेव्हा मले वाटलं, आता लहानसहान नको, सगळ्यात मोठं देऊन टाकू. मी तिचा डावा हात धरला. ‘देवकी, त्या गाडीचं तुझं बरोबर होतं. कोणाचाच दोष नसतो. काही गोष्टी बिघडतात. मी हारली, घे.’ आणि बाहेर जाऊन पेपर भिंतीवर ठेवला. पहिलं पान वर. तिच्या खिडकीतून भिंत दिसते.

परत आली तर तिनं तोंड दुसरीकडं फिरवलेलं. डोळ्यातून पाणी उशीवर जाऊन राहिलं होतं.

‘बघा, तिला बरं वाटलं,’ केयूर म्हणाला. ‘थँक यू, मावशी.’

दोन दिवसांनी त्यानं सांगितलं, रविवारी निघतो. ‘इथे ती कशातच लक्ष घालत नाही हो. नुसती पडून असते. तिकडे मोठे दवाखाने आहेत, माझी बायको आहे, नातू आहे.’

मी काय बोलणार? मी तर हो म्हणणारी बाई झाली होती. मी म्हटलं, ‘हो.’

रविवारी मी रस्त्यासाठी कोथिंबिरीची सांबारवडी बांधून दिली. घरातलं सामान गाडीत गेलं, दाराले कुलूप लागलं. सोनिका देवकीले धरून हळूहळू फाटकाकडं नेऊन राहिली होती. मी माझ्या बाजूनं भिंतीशी उभी होती, कारण त्या बाजूले जायची हिंमत होत नव्हती. मधातच देवकी थांबली आणि सोनिकाले भिंतीकडं ओढू लागली.

‘आई, गाडी इकडे आहे,’ केयूर म्हणाला.

ती ऐकते थोडी! एक पाय घासत भिंतीशी आली. तो पेपर अजून तिथंच होता, पहिलं पान वर. उचलायले माझा हात झाला नव्हता. देवकीनं डावा हात त्याच्यावर ठेवला. ओढला, तर निसटला. पुन्हा धरला, कडेनं उचलला, आणि पालथा केला. धापा टाकून राहिली होती. मग इकडंतिकडं पाहू लागली. दगड माझ्या बाजूले खाली पडला होता. मी उचलला आणि तिच्या हातात दिला. तिनं तो पेपरवर ठेवला, दाबून, चादरीवर रोज हात दाबे तसाच.

तेव्हा माझ्या डोस्क्यात उजेड पडला. महिना-दीड महिना ही बाई माझ्यासंग भांडून राहिली होती, आणि मी तिले छान छान म्हणून राहिली होती.

देवकीनं माझ्या डोळ्यांत पाह्यलं. तोंड वाकडं झालं, गळ्याच्या शिरा फुगल्या, आणि ती म्हणाली, ‘ते...’

‘केयूर!’ मी ओरडली. ‘बोलली ती! ते म्हणाली! त्या बिना ड्रायव्हरच्या गाडीचं सांगून राहिली आहे ती मले!’

केयूरनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. ‘मावशी, आवाज निघतो कधी कधी. तिकडच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. उशीर होतोय.’ आणि माझ्याकडं न पाहता म्हणाला, ‘तुम्ही खूप केलंत तिचं.’

तिले मागच्या सीटवर बसवलं. गाडी सुरू झाली तेव्हा मी फाटकातून रस्त्यावर धावत आली, चप्पल न घालता. ‘खोटं बोलली मी!’ मी ओरडली. ले-आउटमधली सगळी घरं पाहून राहिली होती, पाहू दे. ‘अवं देवकी, खोटं बोलली मी! मले मान्य नाही! दोष असतोच कोणाचा तरी! असतोच!’

काचेतून तिचा चेहरा दिसला. अर्धाच हसला, पण हसला. मग गाडी कोपऱ्यावरून वळली आणि मी तिथंच रडली, रस्त्यात, भोकाड पसरून.

आता सांगा, यात आरोपी कोण? केयूर? त्यानं आईसाठी बायको-पोरगा सोडून इथं दिवस काढले. डॉक्टर? त्यानं औषध दिलं. मी? मले सांगितलं ते मी केलं. देवकी इथं असती, बोलती असती, तर म्हणाली असती, काही गोष्टी बिघडतात वं वंदना. आणि मी म्हटलं असतं, नाही.

आज सकाळी नवा पेपर आला. मी वाचला. आकाशात उडणाऱ्या टॅक्सीची बातमी आहे, देवकीले आवडली असती, आणि मले त्याच्यावर पुष्कळ म्हणायचं आहे. पण तो जुना पेपर भिंतीवर पालथा आहे, दगडाखाली, आणि पालथा तिनं केला आहे. नियम म्हणजे नियम. आधी बोलायची पाळी तिची आहे. मी चहा घेऊन माझ्या बाजूनं उभी आहे.