चावी साहेबांकडे आहे

ती दातांची डॉक्टर. दवाखान्यात भल्याभल्यांना तोंड उघडायला लावायची. पण दुकानात पाऊल टाकलं की तिचंच तोंड बंद व्हायचं. "नको" हा शब्द ओठांपर्यंत येऊन परत फिरायचा. दारावर आलेल्या विक्रेत्यांनी गळ्यात मारलेली पाणी शुद्ध करायची दोन यंत्रं घरात होती, आणि तिसरं माळ्यावर.

नवरा जहाजावर इंजिनियर, त्यामुळे बराच काळ समुद्रावर. घरात ती आणि सासूबाई. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि जुनी बुटकी गाडी त्यांना जमेनाशी झाली. आत बसणं सोपं. बाहेर काढताना मात्र सुनेला विहिरीतून ओढल्यासारखं ओढावं लागायचं. म्हणून एका रविवारी सकाळी दोघी शोरूममध्ये गेल्या.

विक्रेता तरुण, टाय लावलेला, आवाजात साखर. बघता बघता तो सासूबाईंना "आई" म्हणायला लागला. "जुन्या गाडीची चावी द्या मॅडम, तोवर तिची किंमत काढून ठेवतो," म्हणाला, आणि सुनेने ती देऊनही टाकली.

त्यांना हवी होती तशी छोटी, उंच सीटची गाडी समोरच उभी होती. सासूबाई आपल्या आपण आत बसल्या, उतरल्या, पुन्हा बसल्या. "झालं. हीच," म्हणाल्या. पण विक्रेत्याने दोघींना शेजारच्या लालभडक गाडीकडे वळवलं. तिच्या छताला काच होती.

"छताला काच कशाला?"

"आकाश दिसतं ना, आई!"

"आकाश मी उतरून बघेन. उतरता येईल का, तेवढं सांगा."

टेबलाशी बसल्यावर मात्र त्याची गाडी सुसाट सुटली. रंगावर खास लेप, सीटना खास कव्हरं, वाढीव विमा. "सवलत फक्त आजच्यापुरती. आणि त्या छोट्या गाडीवर दुसऱ्या एका गिऱ्हाइकाचा डोळा आहे. संध्याकाळी येतायत ते."

"अगंबाई, मग त्यांनाच द्या," सासूबाई म्हणाल्या. "त्यांना बिचाऱ्यांना जास्त घाई दिसतेय."

विक्रेता जरा गडबडला. मग त्याने आपला मोर्चा सुनेकडे वळवला. दोघींत मऊ कोण, ते त्याने केव्हाच हेरलं होतं. तिच्या हातात पेन देत तो म्हणाला, "इथे एक सही फक्त. बाकीचं मी बघतो."

"जरा विचार करून... आमची चावी..."

"चावी साहेबांकडे आहे. साहेब मीटिंगमध्ये आहेत. तोवर सही उरकून घेऊ की."

पेन कागदाला टेकलं. तेवढ्यात सासूबाईंनी सहज विचारावं तसं विचारलं, "काय गं, तुझ्याकडे एखाद्याने तोंडच उघडलं नाही, तर काय करतेस?"

"काय करणार? गप्प बसून राहते. कंटाळला की उघडतो."

बोलता बोलता तिचं तिलाच उमगलं. तिने पेनाला टोपण लावलं, ते टेबलावर ठेवलं आणि हाताची घडी घालून विक्रेत्याकडे प्रसन्नपणे बघत राहिली.

ती शांतता त्याला सोसेना. "बरं, लेप राहू दे." ती गप्प. "कव्हरं माझ्याकडून फुकट." गप्पच. "विमा बाहेरून काढलात तरी चालेल म्हणा..."

"आधी चावी," ती म्हणाली.

"साहेब अजून..."

"मग आम्ही थांबतो."

ती उठली आणि सासूबाईंना घेऊन त्या छोट्या गाडीत जाऊन बसली. सासूबाईंनी पर्समधून बिस्किटांचा पुडा काढला. एक जोडपं गाडी बघायला आलं. "कशी आहे हो?" नवऱ्याने खिडकीतून विचारलं.

"गाडी झकास आहे," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मुळातच खणखणीत. "पण आमच्या जुन्या गाडीची चावी अडकवून ठेवलीय यांनी. म्हणून मुक्काम इथेच."

त्या माणसाने घाईघाईने स्वतःचा खिसा चाचपला. काचेच्या केबिनमधून साहेब चावी घेऊन लगबगीने आले. केबिनमध्ये मागे दुसरं कुणीच नव्हतं. एवढी मोठी मीटिंग ते एकट्यानेच करत होते.

फाटकापर्यंत विक्रेता सोडायला आला. टाय सैल केला होता. "राग मानू नका मॅडम. साहेब काचेतून बघत असतात. पुढच्या आठवड्यात ते रजेवर आहेत, तेव्हा या. सरळ भाव सांगतो."

"बघू," ती म्हणाली, आणि या वेळी तिच्या "बघू"चा अर्थ "बरं, घेते" असा नव्हता.

गाडी रस्त्याला लागली तशी ती हसत सुटली. "आई, मी 'नको' म्हटलं!"

"म्हटलंस कुठे? नुसती बसून राहिलीस."

"तेच ते!"

त्या आठवड्यात तिने आणखी दोन दुकानं पालथी घातली, दोन्हीकडून रिकाम्या हाताने आणि खुशीत परतली. मग साहेब रजेवर गेल्यावर त्याच विक्रेत्याकडून ती छोटी गाडी घेतली. तो शब्दाला जागला. लेपाचं नावही त्याने काढलं नाही. उलट काच स्वतःच्या हाताने पुसून दिली.

घरी जाताना सासूबाईंनी रेडिओ समजून कुठलंसं बटण दाबलं आणि मागच्या कोरड्या काचेवर वायपर फिरायला लागला. तो बंद कसा करायचा, दोघींनाही ठाऊक नव्हतं. तो तसाच फिरत राहिला आणि दोघी हसत हसत घराऐवजी तळ्याच्या रस्त्याला वळल्या. घरी जायची काही घाई नव्हती.