दुप्पट पाळी

शालिकरामनं कवड्या टाकल्या, आपली सोंगटी फुलीवर सुरक्षित नेऊन ठेवली आणि म्हणाला, "दुप्पट."

कवड्या घ्यायला पुढं आलेला मनकर्णाचा हात थांबला. विहीर त्या दोघा दीर-भावजयीत सामाईक. साठ सालच्या त्या चैत्रात विहिरीला दिवसाला एकाच मळ्यापुरतं पाणी होतं. आज मोट कोणाची, यावर तंटा नको म्हणून घरच्या रिवाजाप्रमाणे चौपट मांडली होती. नवरा गेल्यावर त्याच्या जागी ती पहिल्यांदाच बसली होती. दुप्पट म्हटलं की समोरच्यानं डाव सोडायचा, नाहीतर दुप्पट पाळ्या पणाला लावायच्या. डाव सोडला तर आजची पाळी जाणार. दुप्पट घेऊन हरली तर उद्याचीही. मग तिच्या मळ्यातली वांगी हाती लागत नव्हती.

"सोड, सूनबाई," चुलतसासरे वामनराव म्हणाले. "दोन सोंगट्या उघड्या पडल्या तुया."

"कावून सोडते?" शेजारच्या मळ्याचे नत्थुजी उसळले. "घे! अजून डाव गेला नाई."

मनकर्णानं दोघांकडं पाहिलं.

"मामाजी, इथून तुमी कसे खेळसान?"

"दोन्ही पळवीन. पण घर दूर हाय, पोचत नाई."

"अन् तुमी, नत्थुभाऊ?"

"मी कायले पळतो? एक इथंच दबा धरून ठेवीन. याची मागची आली का हाणली!"

"नेम चुकला तं?"

"चुकला तं चुकला. वांगे का माये हायेत?"

सगळे हसले. मनकर्णा हसली नाही.

"तुमी दोघंई आपापला डाव सांगून राहिले," ती म्हणाली. "पटावर तं मी बसली हावो."

"वहिनी, दादा असता तं उठला असता," शालिकराम म्हणाला.

"उठतच होते ते. म्हणून तं दरसाल आमचंच वावर आधी वाळे."

तिनं पदर कमरेला खोचला.

"घेतली दुप्पट. अन् घेणाऱ्याले पुन्हा दुप्पट म्हणाचा हक्क हाय ना, मामाजी?"

"हाय," वामनराव म्हणाले. "पण असं लगेच कोणी म्हणत नाई."

"मी म्हणते. दुप्पट."

म्हणजे आता शालिकरामनं डाव सोडला तर त्याच्या दोन पाळ्या जाणार, खेळून हरला तर चार. शालिकरामनं वामनरावांकडं पाहिलं, मग नत्थुजींकडं.

"सांगा भाऊजी," कवड्या मुठीत घेत मनकर्णा म्हणाली. "बैल उभे हायेत."

शालिकराम पटाकडं पाहत नव्हता. विहिरीपलीकडं त्याच्या मिरचीनं माना टाकल्या होत्या, तो तिकडं पाहत होता.