सहावी कडी

हाल्वरने मरायला मुहूर्त काढला तोही ऐन गव्हाच्या कापणीत! व्हर्नाला नवऱ्याचा राग आला, आणि राग आला म्हणून स्वतःचीच लाज वाटली.

शवपेटीला कड्या सहा, तीन या अंगाला, तीन त्या. गावात कोणी गेलं की एक कडी हाल्वरची ठरलेली. त्याचं मागणं एकच होतं. "मला चाकांच्या गाड्यावर ढकलत नेऊ नका. मी काय बटाट्याचं पोतं आहे? माणसांनी उचलून न्या." एवढं तरी त्याच्या मनासारखं व्हावं, यासाठी व्हर्नाचा जीव तुटत होता.

पण माणसं आणायची कुठून? शाळा बंद पडली, दुकान गेलं, तरुण पोरं शहरात पांगली. हिच्या तर पोटी मूलच नाही. शेतं तेवढी जागच्या जागी होती, पण तीही आता कंपनीची. आणि आभाळ भरून आलेलं असताना कंपनीचे ड्रायव्हर कापणीयंत्र सोडून कशाला येतील? फोन करकरून कान दुखले तेव्हा कुठे पाच जण जमले. त्यात दोघी बायका, आणि शेजारचा ऑर्व्हिल कमरेत वाकलेला.

चर्चच्या दारात शहरातून आलेल्या अंत्यविधीवाल्याने गाडा पुढे सरकवला. "पाच जणांना नाही झेपायचं, बाई."

"तो गाडा आधी मागे घ्या!" व्हर्नाने पर्स पाद्रीबाबांच्या हातात कोंबली आणि सहावी कडी धरली.

"अगं व्हर्ना, घरच्यांनी हात लावायचा नसतो," ऑर्व्हिल कुजबुजला. "असं कधी झालंय का आपल्यात?"

"मग आण की बाहेरचा कोणी! जा, बघ, रस्त्यावर कुत्रं तरी दिसतंय का?"

ऑर्व्हिलने खरंच रस्त्याकडे पाहिलं. मग तो आपल्या कडीशी जाऊन उभा राहिला.

चर्चमागच्या गवतातून ते निघाले. अर्ध्या वाटेत पेटी टेकवावी लागली. ऑर्व्हिल धापा टाकत म्हणाला, "काय गं खायला घालत होतीस याला?"

"माझ्याकडे कुठे जेवायचा? तुमच्याकडेच हादडून यायचा!"

सगळे हसले, व्हर्नाही हसली. पुन्हा पेटी उचलली तेव्हा मात्र तिच्या मनगटात कळ आली. आयुष्यभर हाल्वरने तिला धान्याची पाटीसुद्धा उचलू दिली नव्हती. "ठेव ती, मी आहे ना," म्हणायचा. आता त्याचाच भार तिच्या हातात होता. इतके दिवस कोरडे राहिलेले तिचे डोळे वाहू लागले, आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

खड्ड्याशी पेटी टेकली. एकेकाने कडी सोडली, तळवे चोळले.

"पोचवलं गं आपण त्याला," ऑर्व्हिल हळूच म्हणाला. "सोड आता."

"सोडते रे," ती म्हणाली. पण बोटं काही उघडेनात.